बिअरच्या लेबलावरचं निळं पान: फरक छपाईचा की उन्हाचा?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जिथे अडखळलो ते काढलंय, बाकी बरंचसं जसं बोललो तसंच आहे.

आजचा विषय आहे बिअरच्या बाटल्यांवरची जुनी लेबलं, आणि त्यांच्या छपाईतले बारीक बारीक फरक. विषय मजेशीर आहे. पण सुरुवात मी माझ्या एका चुकीपासून करणार आहे. साडेचार हजार रुपयांची चूक. पैसे माझे गेले नाहीत, दुसऱ्याचे गेले, आणि ते मी घेतले होते. म्हणून ती जास्त लागली.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. बीटेक झालो तेव्हा छपाईशी माझा संबंध म्हणजे सबमिशनच्या झेरॉक्सपुरताच. एका रविवारी जुन्या बाजारात जुने कॅमेरे बघायला गेलो होतो. तिथे एकाकडे एक वही होती, आणि वहीत कुणीतरी बिअरची लेबलं चिकटवलेली. भारतातली, इंग्लंडमधली, दोन-चार अमेरिकेतली. दोनशे रुपयांना घेतली. घरी आणल्यावर आईची पहिली प्रतिक्रिया होती, "तुझ्या आजोबांनी आयुष्यात थेंब घेतला नाही, आणि तू दारूची लेबलं जमवतोयस?" मी म्हटलं, "अगं, फक्त कागद आहे." आजही तिला ते पटलेलं नाही. बादलीत बाटल्या भिजत घातलेल्या दिसल्या की शेजारचे येण्याआधी ती त्यावर टॉवेल टाकते.

ती चूक

माझ्याकडे एका जुन्या भारतीय बिअरची तीन लेबलं होती. नक्षी एकच. मधे नाव, खाली लाल रिबन, आणि कडेने हॉप्सची पानं. हॉप्स म्हणजे ज्या वेलाच्या फुलांनी बिअरला कडवटपणा येतो तो वेल. दोन लेबलांवर पानं हिरवी, तिसऱ्यावर चक्क निळी.

मी दहापट मोठं दाखवणारं भिंग लावून बघितलं. साध्या चार रंगांच्या ऑफसेट छपाईत हिरवी शाई वेगळी नसते. निळे ठिपके आणि पिवळे ठिपके एकत्र छापले की आपल्या डोळ्यांना हिरवं दिसतं. हिरव्या पानांत दोन्ही ठिपके होते. निळ्या पानात पिवळा ठिपका औषधालाही नव्हता. लाल रिबनही गुलाबीकडे झुकलेली. बरोबरच आहे, कारण लाल रंग म्हणजे गुलाबी अधिक पिवळा. पिवळा गेला की रिबन गुलाबी होणारच. मला वाटलं, सगळा हिशोब जुळला. हा कागद पिवळ्या शाईच्या फेरीतून गेलाच नाही! अशा लेबलाला जमवणाऱ्यांमध्ये चांगली किंमत येते.

नाशिकच्या एका निवृत्त काकांना मी फोटो पाठवले. त्यांच्याकडे माझ्यापेक्षा कितीतरी मोठा संग्रह आहे. मी ठामपणे सांगितलं, "काका, पिवळा रंग छापायचा राहिलाय. भिंगातून तपासलंय." त्यांनी साडेचार हजार दिले. मी त्यातून चांगलं भिंग आणि दोन अल्बम घेतले.

ही गोष्ट इथेच थांबवतो. पुढचं काय झालं ते समजायला आधी लेबलांमध्ये फरक कुठून येतात ते बघावं लागेल. मी आता प्रत्येक फरकाला तीनपैकी एका खणात टाकतो. एक, मुद्दाम केलेला बदल. दोन, छापताना झालेला बदल. तीन, छापून झाल्यावर घडलेला बदल. माझं सगळं गणित चुकलं ते दुसऱ्या आणि तिसऱ्या खणाची गल्लत केल्यामुळे.

पहिला खण: मुद्दाम केलेले बदल

यातले फरक सगळ्यात भरवशाचे, कारण त्यांच्यामागे कुणाचा तरी निर्णय असतो.

इंग्लंडमधल्या बर्टन गावच्या बास कंपनीचं उदाहरण घ्या. त्यांचा लाल त्रिकोण हा ब्रिटनमधला पहिला नोंदलेला ट्रेडमार्क. १८७५ च्या कायद्यानुसार १ जानेवारी १८७६ पासूनची ती नोंद. तो त्रिकोण इतका ओळखीचा होता, की फ्रेंच चित्रकार माने याने १८८२ मध्ये पॅरिसमधल्या एका बारचं चित्र काढलं, त्यात बासच्या बाटल्या नाव न वाचताही ओळखू येतात. हे चित्र आता लंडनच्या कोर्टोल्ड गॅलरीत आहे.

मग गिनेस. त्यांचं लंबगोल फिकट लेबल १८६२ चं, आणि वीणेसारख्या हार्प वाद्याचं चिन्ह १८७६ मध्ये नोंदलेलं. गंमत म्हणजे आयर्लंड सरकारचं चिन्हही हार्पच आहे, पण उलट्या तोंडाचं. गिनेसच्या हार्पची सरळ बाजू डावीकडे, सरकारी हार्पची उजवीकडे. गिनेसची बिअर पूर्वी पिंपांमधून गावोगावच्या व्यापाऱ्यांकडे जायची आणि तिथे बाटल्यांत भरली जायची. त्यामुळे लेबलाची मूळ नक्षी तीच, पण खाली बाटली भरणाऱ्याचं नाव आणि गाव वेगळं. एका नक्षीची असंख्य लेबलं झाली ती अशी. काही लोक आयुष्यभर फक्त गिनेसची लेबलं जमवतात, ते यामुळेच.

आपल्याकडे हेच काम राज्यांच्या उत्पादन शुल्क खात्यांनी केलंय. दारू हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय. प्रत्येक राज्यात लेबल वेगळं मंजूर करून घ्यावं लागतं. म्हणून एकाच बिअरवर 'फक्त महाराष्ट्रात विक्रीसाठी' असं एक लेबल, शेजारच्या राज्याचं दुसरं, आणि सैन्याच्या कँटीनचं तिसरं. नक्षी सारखी, एक ओळ वेगळी.

या खणातला सगळ्यात मोठा फायदा म्हणजे लेबलाचं वय काढता येतं. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. ती उठल्यानंतर १९५० पर्यंतच्या लेबलांवर 'इंटर्नल रेव्हेन्यू टॅक्स पेड' अशी ओळ असायची. ती ओळ दिसली की लेबल त्या सतरा वर्षांतलं. पत्त्यात पाच आकडी झिप कोड असेल तर १९६३ किंवा नंतरचं. सरकारी आरोग्य-इशारा असेल तर १९८९ च्या शेवटापासून पुढचं.

भारतीय लेबलांसाठी मी स्वतःची अशीच यादी केलीय. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचं असूच शकत नाही. म्हैसूर राज्याऐवजी कर्नाटक लिहिलं असेल तर नोव्हेंबर १९७३ नंतरचं. 'गोवा, दमण आणि दीव' असा एकत्र केंद्रशासित प्रदेश लिहिला असेल, तर मजकूर ३० मे १९८७ च्या आधी ठरलेला, कारण त्या दिवशी गोवा वेगळं राज्य झालं. इंग्रजीत बॉम्बेऐवजी मुंबई असेल तर साधारण १९९५ पासून पुढे, मद्रासऐवजी चेन्नई असेल तर १९९६ पासून पुढे. आणि हो, हा मुंबईचा नियम फक्त इंग्रजी मजकुराला. मराठीत आपण मुंबईला मुंबईच म्हणत आलोय, त्यामुळे देवनागरी मजकुरावरून काही कळत नाही.

इथे एक काळजी घ्यायची. नवीन शब्द दिसला तर 'याच्या आधीचं नाही' एवढं नक्की म्हणता येतं. जुना शब्द दिसला म्हणून 'याच्या नंतरचं नाही' असं म्हणता येत नाही. कारण छापून ठेवलेली हजारो लेबलं कुणी फेकून देत नाही. संपेपर्यंत वापरतात. आपण घरी जुने लेटरहेड संपवतो तसंच.

आणखी एक फसवी गोष्ट. काही परदेशी लेबलांच्या कडेला छोटे आकडे छापलेले असतात आणि कड एके ठिकाणी खाचलेली असते. मला आधी वाटलं फाटलंय. ती खाच बाटली भरल्याची तारीख असते! दिवस आणि महिन्याच्या आकड्यासमोर खाच पाडायची, की वेगळं छापायला नको.

दुसरा खण: छापताना झालेले बदल

आता खरी मजा. जुनी लेबलं शिळाछापावर छापली जायची. १७९६ च्या सुमारास जर्मनीत आलॉइस झेनेफेल्डरने हे तंत्र शोधलं. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने चित्र काढायचं, दगड ओला करायचा, मग शाई फिरवायची. पाणी आणि तेलाचं जमत नाही, म्हणून शाई फक्त चित्रावर बसते. जितके रंग तितके दगड. आपल्याकडे राजा रविवर्मांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. आजी-आजोबांच्या देवघरातली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं याच पद्धतीने छापलेली.

लेबल छोटं असतं. दगड मोठा. एका दगडावर एकच लेबल छापणं परवडणारं नाही. म्हणून मूळ चित्राच्या प्रती खास कागदावर काढायच्या आणि त्या मोठ्या दगडावर शेजारी शेजारी उतरवायच्या. समजा एका शीटवर वीस लेबलं. उतरवताना सातव्या प्रतीत एखाद्या अक्षराचा पाय तुटला, तर त्या दगडावरून निघालेल्या प्रत्येक शीटवर सातवं लेबल तसंच तुटक्या पायाचं निघणार. हा झाला कायमचा दोष. तो पुन्हा पुन्हा सापडतो, त्याची नोंद करता येते, आणि दोन-तीन प्रतींत तंतोतंत तोच तुटका पाय दिसला की खात्री पटते.

याउलट धूळ. छापताना शाईवर धुळीचा कण बसला, की छापात मधे एक ठिपका आणि भोवती पांढरं कडं येतं. मशीनवाल्याने ते पुसलं की गेलं. असा ठिपका काही शीटवर येतो आणि संपतो. दिसायला छान, पण त्याला 'प्रकार' म्हणायचं नाही. तो अपघात.

तिसरी गोष्ट म्हणजे रजिस्ट्रेशन हलणं. एक रंग दुसऱ्यावर नीट बसला नाही, की लाल रिबनच्या एका बाजूला पांढरी फट आणि दुसऱ्या बाजूला रंगावर रंग. लोक याला दुर्मीळ म्हणून विकतात. प्रत्यक्षात जुन्या स्वस्त छपाईत हे इतकं सर्रास आहे, की अगदी नेमकं बसलेलं लेबल सापडणंच विशेष.

चौथी गोष्ट, रंगाची छटा. नव्याने छपाई काढताना शाई पुन्हा कालवली जाते, आणि पूर्वी ती कारागीर नजरेनेच कालवायचा. आईची आमटी रोज एकसारखी होते का? तसंच. नुसती छटा वेगळी आहे म्हणून मी आता काहीच ठरवत नाही. छटेबरोबर आणखी एखादी खूण बदललेली हवी. कागदाचा पोत, अक्षरांची जाडी, कापणीचा आकार, काहीतरी. दोन खुणा एकत्र बदलल्या, आणि तसं एकापेक्षा जास्त लेबलांत दिसलं, तर ती वेगळी छपाई असण्याची शक्यता खूप वाढते.

कुठली छपाई ते भिंगातून कळतं. सारख्या अंतरावरचे बारीक ठिपके, आणि चार रंगांच्या ठिपक्यांची फुलासारखी रचना दिसली, तर ती फोटोच्या पद्धतीने केलेली छपाई, आपलं नेहमीचं ऑफसेट. ठिपके हाताने टाकल्यासारखे वेडेवाकडे आणि रंग सपाट असतील तर शिळाछाप. अक्षरांच्या कडेला शाईची गडद किनार आणि मागून हात फिरवल्यावर उठाव लागला, तर खिळ्यांची छपाई. बरेचदा एकाच लेबलावर दोन्ही असतं. चित्र शिळाछापाचं, आणि गावाचं किंवा राज्याचं नाव नंतर खिळ्यांनी छापलेलं.

तिसरा खण: नंतर घडलेले बदल

लेबल छापखान्यातून निघालं, बाटलीवर बसलं, बर्फाच्या पाण्यात बुडालं, कुणीतरी काढलं, चिकटवलं, भिंतीवर लावलं. या प्रत्येक पायरीवर ते बदलतं.

पाण्याने कागद फुगतो, आणि सगळीकडे सारखा फुगत नाही. कागदाचे तंतू बहुतेक एका दिशेने असतात, त्या तंतूंच्या आडव्या दिशेने तो जास्त पसरतो. वाळल्यावर पूर्ण मूळ मापावर येईलच असं नाही. म्हणून 'माझं लेबल अर्ध्या मिलिमीटरने मोठं आहे, वेगळा प्रकार आहे' असं कुणी म्हटलं, की मी विचारतो, भिजवलं होतं का?

जुन्या लेबलांवरची सोनेरी चमक बरेचदा पितळी पूड टाकून आणलेली असते. ती काळाने तपकिरी किंवा हिरवट पडते. त्याला 'तपकिरी प्रकार' म्हणायचं नाही.

अतिनील दिव्याखाली, म्हणजे नोटा तपासायच्या दिव्याखाली, कागद निळसर पांढरा चमकला, तर त्यात चमक आणणारं रसायन आहे. ते कागदात साधारण १९५० पासून यायला लागलं. म्हणजे १९२० चं म्हणून दिलेलं लेबल असं लख्ख चमकलं तर सावध व्हायचं. पण इथेही फसगत आहे. कपड्याच्या साबणाच्या पावडरीतही तेच रसायन असतं. कुणी लेबल साबणाच्या पाण्यात धुतलं असेल, तर जुना कागदही चमकतो. म्हणून साबण वापरूच नका. कोमट पाणी, अर्धा-एक तास धीर, लेबल आपोआप सुटलं तर सुटलं. नखाने खरवडायचं नाही. मग टिपकागदावर उताणं ठेवायचं, अर्धवट वाळलं की दोन कोऱ्या कागदांमध्ये घालून वर जाड पुस्तकं. वर्तमानपत्रात ठेवू नका, त्याची शाई उतरते.

आणि सगळ्यात मोठा कलाकार म्हणजे ऊन. छपाईच्या शाईंमध्ये पिवळा आणि गुलाबी हे साधारणपणे उजेडाने लवकर उडतात. निळा आणि काळा जास्त टिकतात. रस्त्याकडेच्या जुन्या सिनेमाच्या पोस्टरवर किंवा सलूनच्या काचेवरच्या फोटोत माणसांचे चेहरे निळे पडलेले बघितलेत ना? तेच. लाल-पिवळं उडून गेलं, निळं राहिलं.

आता तुमच्या लक्षात आलंच असेल माझ्या निळ्या पानाचं काय झालं असेल ते.

स्कॅनमधला त्रिकोण

काकांना लेबल पाठवण्याआधी मी ते १२०० डीपीआयवर स्कॅन करून ठेवलं होतं. माझा एक नेम आहे, विकलं तरी स्कॅन ठेवायचा. चार-पाच महिन्यांनी मी दोन लेबलं आपोआप ताडून बघणारा एक छोटा प्रोग्राम लिहीत होतो. आम्ही ऑफिसात कोडच्या दोन आवृत्त्यांमधला फरक रोज काढतो, तसाच लेबलांचा काढावा अशी कल्पना. दोन चित्रं एकावर एक बसवायची आणि वजाबाकी करायची. जिथे सारखं तिथे काळं, जिथे वेगळं तिथे उजळ.

पहिल्यांदा केलं तर सगळंच उजळ! कारण मघाशी सांगितलं ते, कागद वेडावाकडा फुगलेला. संपूर्ण चित्र एकदम बसवून चालत नाही. छोटे छोटे तुकडे करून प्रत्येक तुकडा वेगळा बसवावा लागतो. आणि स्कॅनरची 'रंग आपोआप सुधारा' ही सोय बंद करावी लागते. नाहीतर स्कॅनर स्वतःच नवीन छटा तयार करतो. शेजारी एक राखाडी रंगाचं कार्ड ठेवून स्कॅन केलं तर अजून चांगलं.

ते सगळं करून हिरव्या आणि निळ्या पानाची जोडी लावली. निकाल बघितला आणि पोटात गोळा आला. सगळी पानं उजळ, म्हणजे वेगळी. फक्त खालच्या डाव्या कोपऱ्यात एक छोटा त्रिकोण काळा. म्हणजे तिथे दोन्ही लेबलं सारखी. मूळ स्कॅन मोठा करून बघितला, तर त्या त्रिकोणात पानाचं टोक हिरवं होतं. कड पट्टीने आखल्यासारखी सरळ. मग बाकीचे कोपरे बघितले. तिथे पानं नव्हती, नुसता कागद. पण कॉन्ट्रास्ट वाढवल्यावर तिथेही तसेच त्रिकोण, बाकीच्या कागदापेक्षा जरा पांढरे.

चारही कोपऱ्यांत सरळ कडेचे त्रिकोण कुठलंही छपाईयंत्र सोडत नाही. आपल्या लग्नाच्या जुन्या अल्बममध्ये फोटोला काळे कागदी कोपरे असतात, ते आठवा. हे लेबल कधीतरी तसे कोपरे लावून उजेडात ठेवलं होतं. कोपऱ्यांखाली ऊन पोचलं नाही, तिथे पिवळा शिल्लक राहिला. पिवळा छापलेला होता. तो नंतर उडाला.

मला आधी का दिसलं नाही? त्रिकोण दोन-तीन मिलिमीटरचे होते हे खरं. पण खरं कारण ते नाही. मी भिंग धरलं ते पानाच्या मधोमध. पिवळा नाही हे दिसलं आणि मी तिथेच थांबलो. 'पिवळा छापला नाही' आणि 'पिवळा उडाला' या दोन्ही शक्यतांत पानाचा मधला भाग अगदी सारखाच दिसणार होता. रिबनही दोन्हीत गुलाबीच होणार होती. म्हणजे मी पुरावा म्हणून जे जे मोजलं, त्यातलं काहीच या दोघांत निवाडा करणारं नव्हतं. निवाडा करणारी एकच जागा होती, जिथे ऊन पोचलं नाही ती. आणि तिकडे बघायची मला इच्छा नव्हती, कारण मला ते लेबल दुर्मीळ हवं होतं. ऑफिसात कुणी असं टेस्टिंग केलं असतं तर मी त्याला सोडलं नसतं.

दोन दिवस मी काहीच केलं नाही. विचार केला, काकांना कळणार नाही. त्यांना ते आवडलंय. तिसऱ्या दिवशी फोन केला.

"काका, ते निळं पान चुकलं माझं. उन्हाने पिवळा उडालाय. पैसे पाठवतो आजच."

थोडा वेळ ते गप्प. मग म्हणाले, "अरे, मला थोडं वाटलं होतं. पण तू इंजिनिअर, भिंगातून तपासलंय म्हणालास. मग मी नाही तपासलं."

हे वाक्य मला साडेचार हजारांपेक्षा महाग पडलं. भिंग आणि अल्बम घेऊन झाले होते, त्यामुळे पगारातून पैसे दिले. त्यांनी लेबल कुरिअरने परत पाठवलं. त्यानंतर त्यांनी माझ्याकडून काही विकत घेतलेलं नाही. फोन मात्र करतात, शंका असली की. ते लेबल माझ्या अल्बमच्या पहिल्या पानावर आहे, खाली लिहिलंय: 'पिवळा उडालेला. प्रकार नाही.'

मग आता काय करतो

तुम्हालाही असा फरक सापडला, लेबल असो, काडेपेटी असो, पोस्टाचं तिकीट असो, तर एवढं करा.

पहिलं, झाकलेली जागा शोधा. कोपरा, घडी, दुसऱ्या कागदाखाली दबलेली कड. फरक तिथेही तसाच असेल तरच पुढे जा.

दुसरं, दोन स्कॅन एकाच जागी ठेवून पटापट आलटून पालटून बघा. वेगळं असेल ते हलल्यासारखं दिसतं. खगोलशास्त्रज्ञ अशीच ताऱ्यांची दोन छायाचित्रं आलटून पालटून बघायचे. क्लाइड टॉम्बॉला १९३० मध्ये प्लूटो सापडला तो असाच. प्रोग्राम लिहायची गरज नाही, फोनवर दोन फोटो पुढे-मागे सरकवले तरी चालतं.

तिसरं, एका प्रतीवरून प्रकार ठरवू नका. तोच फरक दुसऱ्या ठिकाणाहून आलेल्या दुसऱ्या प्रतीत दिसेपर्यंत त्याला 'निरीक्षण' म्हणा. माझ्या वहीत अशी एकतीस निरीक्षणं आहेत, आणि प्रकार फक्त चार.

चौथं, विकताना जे बघितलं ते सांगा, निष्कर्ष नंतर. 'पानात पिवळे ठिपके दिसत नाहीत' हे खरं होतं. 'पिवळा छापायचा राहिलाय' हे माझं मत होतं. मी काकांना मत विकलं.

त्या चार प्रकारांपैकी एक सांगून थांबतो. एका लेबलावर बाटलीतल्या मापाच्या आकड्यानंतरचा टिंब एका जागी तुटून स्वल्पविरामासारखा झालाय. एक प्रत जुन्या बाजारातल्या त्या वहीतली, दुसरी मुंबईच्या चोर बाजारातली, तिसरी काकांच्या संग्रहात. तिन्हींत शेपटी तीच, त्याच कोनात. तिसरी त्यांनी स्वतः शोधली आणि मला फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "झाकलेली जागा पण बघितली."

चला, भेटू पुढच्या भागात.